वाचकांचे प्रश्न: कृत्तिका 2000 वर का अडल्या?

प्रश्न: 'टॉपकॅट' (खगोलीय तक्ते हाताळण्याचे सॉफ्टवेअर) वापरून कृत्तिका या तारकागुच्छाची हर्ट्झस्प्रुंग-रसेल आकृती (ताऱ्यांच्या रंग आणि तेजाचा आलेख) काढायची होती. 'गाया' या युरोपीय अवकाश दुर्बिणीच्या 'डीआर3' या तिसऱ्या माहितीसंचातून गुच्छाच्या मध्याभोवतीचे 2 अंशांतले तारे मागवले. नेमक्या 2000 ओळी आल्या, आणि आलेखात रेषेऐवजी नुसता धुरळा आहे. चुकते कुठे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: चुका दोन आहेत. पहिली त्या 2000 या आकड्यातच आहे. क्वेरी, म्हणजे माहितीची मागणी, 'सिंक्रोनस' (लगेच उत्तर मागणाऱ्या) मोडमध्ये पाठवली की गायाचा सर्व्हर 2000 ओळींवर हात आखडता घेतो. त्या सर्वांत ठळक 2000 ताऱ्यांच्या असतात असेही नाही. आधी हाती लागल्या त्या ओळी मिळतात. क्वेरीच्या खिडकीत मोड बदलून 'असिंक्रोनस' करा.

दुसरी चूक गाळणीची. त्या 2 अंशांत कृत्तिकांच्या पुढचे-मागचे सगळेच तारे येतात. कृत्तिकांचा पराशय (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याचे दिसणारे सरकणे; तारा जितका जवळ तितके जास्त) 7.4 मिलिआर्कसेकंदांच्या (मिलिआर्कसेकंद म्हणजे अंशाचा 36 लाखावा भाग) आसपास, म्हणजे अंतर सुमारे 440 प्रकाशवर्षे. क्वेरीतच पराशय 6.5 ते 8.3 एवढा ठेवा आणि पराशय त्याच्या त्रुटीच्या निदान 10 पट असावा अशी अट घाला. मग टॉपकॅटमध्ये निजगतीच्या, म्हणजे आकाशात तारा सरकण्याच्या गतीच्या, दोन घटकांचा आलेख काढा. विषुवांशातली (पूर्व-पश्चिम) गती आडवी, क्रांतीतली (उत्तर-दक्षिण) उभी. +20 आणि −45 मिलिआर्कसेकंद प्रतिवर्षाजवळ एक घट्ट पुंजका वेगळा उठून दिसेल. त्याच खिडकीतल्या हाताने क्षेत्र आखायच्या बटणाने त्याला वळसा घाला, उपसंचाला नाव द्या. हेच तुमचे कृत्तिका-सदस्य, आणि पुढचा आलेख फक्त त्यांचा.

प्रत म्हणजे तेजाचे माप; आकडा जितका लहान तितका तारा ठळक. आडव्या अक्षावर निळ्या पट्ट्यातली वजा लाल पट्ट्यातली प्रत (म्हणजे रंग), उभ्यावर निरपेक्ष प्रत (सगळे तारे एकाच ठराविक अंतरावर असते तर दिसली असती ती): 'जी' प्रत (गायाच्या रुंद पट्ट्यातली) + 5 × लॉग10(पराशय) − 10. इथे हमखास घोळ होतो. पुस्तकातल्या सूत्रात '+ 5' असते, कारण तिथे पराशय आर्कसेकंदांत धरलेला असतो. गाया तो मिलिआर्कसेकंदांत देते. पुस्तकातले सूत्र जसेच्या तसे घातले तर सगळे तारे 15 प्रतींनी मंद दिसतील. उभा अक्ष उलटा करायलाही विसरू नका.

आता मुख्य अनुक्रम (बहुतेक तारे ज्यावर येतात तो पट्टा) रेघ ओढल्यासारखा दिसेल. त्याचे अगदी खालचे टोक निळ्या बाजूला वळलेले दिसले तर नवा शोध समजू नका; फार मंद ताऱ्यांची निळ्या पट्ट्यातली प्रत गायात खरी असते त्याहून ठळक नोंदली जाते. उलट रेषेच्या वर, साधारण पाऊण प्रतीवर, समांतर पसरलेले ठिपके मात्र जरूर तपासा. ते बहुधा जोडतारे आहेत: दोन सारख्या ताऱ्यांचा प्रकाश एकाच ठिपक्यात मोजला गेला, की तेज दुप्पट, म्हणजे 0.75 प्रत.

प्रश्न: गायाचा तक्ता एक्सेलमध्ये उघडून पुन्हा साठवला. आता त्यातला ताऱ्याचा क्रमांक 'सिम्बाद' या ताऱ्यांच्या ऑनलाइन सूचीमध्ये टाकला तर ताराच सापडत नाही.
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर: एक्सेल संख्येचे पहिले 15 आकडेच जपते. कृत्तिकांच्या भागातले गाया-क्रमांक 17 आकडी असतात, त्यामुळे शेवटच्या दोन आकड्यांच्या जागी शून्ये बसली. साठवलेल्या फाइलमधून ते परत मिळत नाहीत. क्वेरी पुन्हा चालवा आणि तक्ता 'फिट्स' किंवा 'व्हीओटेबल' या खगोलशास्त्रातल्या फाइल-स्वरूपात ठेवा. एक्सेलवाचून अडतच असेल तर 'सीएसव्ही' थेट उघडू नका. आयात करताना क्रमांकाचा स्तंभ 'टेक्स्ट' निवडा.