कॉफी, कॅन्सर आणि शेजारच्या खाटेवरचे पेशंट

प्रश्न: बाबा रोज तीन कप फिल्टर कॉफी घेतात. भावाने फॅमिली ग्रुपवर टाकलं की तीन कपांनी स्वादुपिंडाचा कॅन्सर होतो, हार्वर्डचा अभ्यास आहे. आईने बरणीच लपवलीये. असल्या अभ्यासात दम आहे की नाही हे आपण कसं ओळखायचं? (एक वाचक, मिरज)

उत्तर: एवढ्यासाठी बरणी लपवू नका. हा अभ्यास खराखुरा आहे, १९८१ चा, हार्वर्डच्याच ब्रायन मॅकमॅहन यांच्या टीमचा. स्वादुपिंडाच्या कॅन्सरचे ३६९ पेशंट आणि हा कॅन्सर नसलेले ६४४ जण, दोघांनाही विचारलं की कॉफी किती पिता, आणि तीन किंवा जास्त कपवाल्यांत धोका २.७ पट निघाला. आकडा बघून कोणीही घाबरेल. पण मी असा अभ्यास हातात आला की आधी बघते की तुलना कोणाशी केलीये. इथे ते ६४४ जण बरेचसे त्याच डॉक्टरांकडे त्याच हॉस्पिटलांत ॲडमिट असलेले, म्हणजे त्यात पोटाच्या तक्रारीवालेही होते, आणि ज्याचं पोट जळतंय तो कॉफी आपणहून कमी करतो नाहीतर डॉक्टर करायला लावतात, मग त्यांच्या शेजारी कॅन्सरचे पेशंट आपोआपच जास्त कॉफी पिणारे दिसणार ना! नंतरच्या अभ्यासांत हा संबंध टिकला नाही.

दुसरं म्हणजे सिगरेट. कॉफीवाल्यांत सिगरेट ओढणारे जास्त असतात आणि सिगरेटने हा कॅन्सर खरंच होतो, त्यामुळे तो हिशोब वेगळा केलाय का ते बघायचंच (या टीमने तो केला होता, तरी गडबड झालीच). आणि आजारी माणूस 'मला हे का झालं' म्हणून जुन्या सवयी जास्त उकरून सांगतो, तेही धरा.

असल्या अभ्यासात किती दम आहे हे मोजायला संशोधक न्यूकॅसल-ओटावा स्केल नावाची मोजपट्टी वापरतात, जास्तीत जास्त ९ स्टार, त्यातले ४ फक्त माणसं कशी निवडली यावर. स्ट्रोब नावाची यादी पण ऐकाल, पण ती अभ्यास नीट लिहिलाय का यासाठी आहे, छान लिहिलेला अभ्यास कच्चाही असू शकतो.

भावाला म्हणा मूळ पेपर पाठव आणि त्यात 'कंट्रोल', म्हणजे तुलनेसाठी घेतलेले लोक, कुठून आणले तेवढं वाचून सांग. बाबांना ॲसिडिटी असेल तर मात्र तीन कपांबद्दल त्यांच्या डॉक्टरांना विचारा, तो प्रश्न वेगळा आहे.