बेवारस दिसणारी दुचाकी पोलिसांना कळवल्यास पुढे तिचे काय होते?

पुण्यात आपल्या सोसायटीसमोर वर्षभर धूळ खात उभी असलेली दुचाकी बेवारस म्हणून कळवल्यास पोलीस तिचे काय करतात, असे आपण विचारले आहे. माझ्या दिवंगत वडिलांची चेतक अशाच तक्रारीवरून उचलली गेली होती, म्हणून उत्तर देतो.

नोकरीनिमित्त आम्ही चौदा महिने बंगळूरला होतो. परतलो तेव्हा सहकारनगरमधील आमच्या इमारतीच्या कुंपणालगत स्कूटरच्या जागी ऑइलचा डाग तेवढा उरला होता. सोसायटीच्या सचिवांनी ‘बेवारस वाहन’ असा अर्ज दिला होता. वडील ती स्कूटर एका बाजूला कलती करून मग किक मारत, हे या गृहस्थांनी पंधरा वर्षे आपल्या गॅलरीतून पाहिले होते आणि माझ्या पत्नीचा फोन क्रमांक त्यांच्या वहीत होता.

पोलीस ठाण्यातील मुद्देमाल कारकुनांनी नोंदवही उघडून दाखवली. पंचनामा झाला होता, चासी क्रमांकावरून मालकाचे नाव काढून नोटीसही धाडली होती. परंतु नोंदणीवर पत्ता होता सदाशिव पेठेतील वाड्याचा, आणि तो वाडा केव्हाच पाडला गेल्याने पाकीट परत आले होते. पुढे महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ नुसार जाहीरनामा निघाला. त्यानंतर सहा महिन्यांत कोणी हक्क शाबीत केला नाही, तर वस्तू शासनाच्या ताब्यात जाते आणि वाहने लिलावात निघतात. आमच्या मुदतीचे एकोणीस दिवस शिल्लक होते. तेवढ्यात मृत्यूचा दाखला, नोंदणी पुस्तक, मुंबईच्या भावाचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र आणि हमीपत्र, असे सारे गोळा करावे लागले. स्कूटर ताब्यात मिळाली तेव्हा तिच्यावर वेल चढला होता आणि स्टेपनी नव्हती. ती ठाण्याच्या आवारातून गेली की आधीच आमच्या गल्लीतून, याचा शोध मी घेतला नाही.

सचिव आजही म्हणतात की त्यांनी नागरिकाचे कर्तव्य केले. माझ्या मते तो निव्वळ आळस होता. ज्या माणसाला मालक ठाऊक आहे, त्याने वाहन बेवारस आहे असे लिहून देणे हे खोटे बोलणेच होय.

अर्थात, नोंदणीवरील पत्ता न बदलण्याची चूक आमचीच होती. शिवाय चोरटे पुष्कळदा चोरलेली गाडी अनोळखी गल्लीत सोडून जातात. तसे असेल तर आपल्या अर्जाने मालकाचे भलेच होईल. सार्वजनिक जागी दहा तासांहून अधिक काळ बेवारस सोडलेले वाहन हलवण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ ने पोलिसांना दिलेला आहे, आणि महापालिकाही नोटीस चिकटवून अशी वाहने उचलते. तरीही अर्जाआधी शेजारच्या चार इमारतींत विचारावे. प्रश्नात आपण तिच्यावरील धुळीचे वर्णन केले आहे. क्रमांक मात्र पाहिलेला दिसत नाही.