तुम्ही विचारा : शेवटी दिसतात ते कोण?

प्रश्न : स्टीव्हन स्पीलबर्गचा ‘ए. आय. आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ (२००१) परवा पाहिला. यंत्रमुलगा डेव्हिड समुद्राच्या तळाशी पिनोकिओच्या गोष्टीतल्या निळ्या परीच्या पुतळ्यापुढे अडकतो, तिथेच संपवायचा होता ना! परग्रहवासी आणून आईची भेट कशाला घडवली? मूळ बेत दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकचा. त्यानं हा गोडवा खपवून घेतला असता का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ते परग्रहवासी नाहीतच हो! यंत्रमानवच आहेत ते, डेव्हिडचे खापरपणतू म्हणा. मध्ये २००० वर्षं गेलीत, माणूस नामशेष झालाय. ‘शेवटी आपणच उरणार’ असं जिगोलो जो हा यंत्रमानव डेव्हिडला आधीच बजावतो. आणि डेव्हिड घराच्या दारात पहिल्यांदा उभा राहतो, तो प्रसंग पुन्हा लावून बघा. मागून उजेड, आकृती धूसर, उंच, काटकुळी. शेवटचे ते जीव स्पीलबर्गनं तिथेच दाखवून ठेवलेत.

आता कुब्रिक. ब्रायन अल्डिसच्या १९६९च्या कथेवर तो वर्षानुवर्षं झुरत होता. मार्च १९९९मध्ये तो गेला आणि पटकथा स्पीलबर्गनं लिहिली. पण शेवट कुब्रिकचाच, असं त्याच्यासाठी कथेचा आराखडा लिहिणारे इयन वॉटसन सांगतात, स्पीलबर्गही सांगतो. उलट यंत्रमानवांची मोडतोड करणारी ती क्रूर जत्रा स्पीलबर्गची! समीक्षकांनी मात्र गोड ते स्पीलबर्गचं, कडू ते कुब्रिकचं अशी वाटणी करून टाकली.

आणि गोड कुठाय? टेडीनं, म्हणजे डेव्हिडच्या खेळण्यातल्या अस्वलानं, जपलेल्या केसांच्या बटेवरून उभी केलेली ही आई, मोनिका, तीही एका दिवसापुरती. त्या दिवसात तिचा नवरा हेन्री नाही, पोटचा मार्टिन नाही. डेव्हिडला हवं तेवढंच ती बोलते. मार्टिन आजारी होता तेव्हा बायकोचं मन रमावं म्हणून हेन्रीनं यंत्रमुलगा आणला होता. आता मुलाचं मन रमावं म्हणून यंत्रांनी आई बनवली. मला तर त्या पांघरुणातल्या मिठीनं कापरं भरतं.

प्रश्न : आठ वर्षांच्या नातवाला दाखवू का? बोलणारं अस्वल आहे म्हणे.
— एक आजी, डोंबिवली

उत्तर : अस्वल झकास आहे, आजी. सिनेमासाठी यांत्रिक बाहुल्या बनवणाऱ्या स्टॅन विन्स्टनच्या कारखान्यात बनलेलं, बरेचदा खरोखरचं हलणारं. पण एवढ्यात नको. माझी भाची ती मोडतोडीची जत्रा निवांत बघत होती, आई मुलाला जंगलात सोडून गाडीत बसली तेव्हा मात्र उठून आत गेली. बारा-तेराचा झाला की दाखवा, आणि शेजारी बसा.