पाऊस, ओढा आणि सोसायटीचे आवार : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पुण्यात सहकारनगर भागात, आंबिल ओढ्यापासून जवळच आमची सोसायटी आहे. २०१९ च्या पुरात पार्किंगमध्ये पाणी शिरले होते. आता वार्षिक सभेपुढे दोन ठराव आहेत : सगळे आवार काँक्रीटचे करून घ्यावे, आणि ओढा बंदिस्त करावा अशी महापालिकेकडे मागणी करावी. याने धोका टळेल का?

उत्तर : टळणार नाही, उलट वाढेल. दोन्ही ठराव मागे घ्यावेत, असे मी आग्रहाने सुचवेन.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरउतारांवरचे पाणी आंबिल ओढ्याने मुठेकडे निघाले, तेव्हा कुठे अरुंद झालेले पात्र, कुठे ठेंगणे कल्व्हर्ट (रस्त्याखालच्या मोऱ्या), तर कुठे काठावरचा भराव त्याला आडवा आला. अरण्येश्वरजवळ टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसे गेली. त्या पावसाने शहर आणि परिसरात वीसहून अधिक बळी घेतले. ओढ्याचे पात्र वर्षातले बहुतेक दिवस मोकळे दिसते, म्हणून ते रिकामे आहे असे आपण धरून चाललो आणि थोडे थोडे करून गिळत गेलो. ओढा बंदिस्त करणे ही त्याच वाटेवरची शेवटची पायरी आहे. स्लॅबखालच्या नाल्यात गाळ किती साचला हे वरून दिसत नाही, जेसीबी आत उतरत नाही, आणि ऐन पावसात एखादी फांदी किंवा गादी तोंडाशी अडकली की सगळे पाणी रस्त्यावर येते. शिवाय गुळगुळीत काँक्रीटमधून ते वेगाने धावते आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला असलेल्या दांडेकर पुलाकडच्या वस्त्यांवर एकदम जाऊन आदळते.

मोठ्या वाहिन्या घातल्या की प्रश्न सुटला, ही समजूत मुंबईने फार मोठी किंमत देऊन तपासली आहे. तिथल्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पाऊस पडेल आणि त्यातले निम्मेच पाणी वाहून येईल, या हिशेबाने बांधलेल्या होत्या. मुंबईच्या पर्जन्यवाहिन्या सुधारण्यासाठी आखलेल्या ब्रिमस्टोवॅड योजनेत तो हिशेब ताशी ५० मिलिमीटर आणि सगळेच पाणी वाहून येईल, असा बदलावा लागला, कारण मुरायला जमीनच उरली नव्हती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढ्या पाण्याला पुरेल अशी वाहिनी कोणत्याही शहराला परवडणार नाही. पुढे दादर-परळकडच्या सखल हिंदमाता परिसरातले पाणी साठवून ठेवण्यासाठी पालिकेने उद्यानाच्या आणि मैदानाच्या पोटात टाक्या बांधल्या. पाणी घालवण्याइतकेच ते काही काळ थोपवणे महत्त्वाचे आहे, हे मान्य व्हायला इतकी वर्षे गेली.

आता आपल्या आवाराचा हिशेब पाहू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. भूखंड चार हजार चौरस मीटरचा धरला, तर ५० मिलिमीटर पावसात त्यावर दोन लाख लिटर पाणी पडते. सगळीकडे छप्पर आणि काँक्रीट असेल, तर सुमारे ९० टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार लिटर पाणी लगेच फाटकाबाहेर जाते. तीच जमीन गवत-मातीची असती, तर ढोबळमानाने साठ हजारांच्या आसपास गेले असते. हा फरक दहा हजार लिटरच्या बारा टँकरांचा आहे, आणि ओढ्याकाठची प्रत्येक सोसायटी तो ओढ्यात ओतत असते. इमारत आहे तिथे माती परत येणार नाही, पण उरलेले आवार तरी राखता येते. गाड्या उभ्या राहतात तिथे पेव्हर ब्लॉक घालायचे असतील, तर ते खडी आणि वाळूच्या थरावर बसवावेत. खाली काँक्रीटचा बेड ओतला, तर थेंबही मुरत नाही, आणि ठेकेदार नेमके तेच सुचवतो. गच्चीचे पाणी आधी टाकीत घ्यावे. पुण्याखालचा काळा खडक (बेसॉल्ट) सगळीकडे सारखे पाणी पीत नाही, त्यामुळे शोषखड्डा खणण्यापूर्वी मुरूम किती खोल आहे हे पाहून घ्यावे. खडक लगेच लागत असेल, तर साठवण टाकी आणि तिला बारीक निचरा हाच उपाय बरा. मैलापाण्याची जोडणी पावसाळी गटाराला कुठे दिलेली नाही ना, हेही एकदा तपासावे.

महापालिकेकडे काही मागायचेच असेल, तर ओढ्याच्या पात्रातला राडारोडा उचलणे, ठेंगणे कल्व्हर्ट रुंद करणे, काठावर बांधकामाऐवजी झाडे आणि मोकळी जमीन राखणे, आणि वरच्या टेकड्यांच्या उतारांवर बांधकामाला मुभा न देणे, हे मागावे. यातली शेवटची मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. टेकडी फोडली की तिच्यावरचे पाणी खालच्या घरांत येते, म्हणून सहकारनगरच्या रहिवाशाने कात्रजच्या टेकडीसाठी हरकत नोंदवणे हे स्वतःच्या पार्किंगचेच रक्षण आहे.

प्रश्न : नवी सदनिका घेताना तिथे पूर्वी ओढा होता का, हे कसे कळेल?

उत्तर : भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गावनकाशा घ्यावा आणि तो विकास आराखड्याशी ताडून पाहावा, नदीजवळ असाल, तर जलसंपदा विभागाच्या निळ्या आणि लाल पूररेषाही (निळी २५ वर्षांतून एकदा, लाल १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची हद्द) पाहाव्यात. जागेवर गेल्यावर रस्त्याचा सखल भाग कुठे आहे आणि ज्याखालून आता काहीच वाहत नाही अशी जुनी मोरी जवळपास आहे का, हे शोधावे. व्यवहार पक्का करण्याआधी जोराचा पाऊस पडून गेल्यावर एक फेरी मारावी आणि तळमजल्यावरच्या जुन्या दुकानदाराला पाणी कुठपर्यंत येते ते विचारावे. भिंतीवरची खूण तो बोट ठेवून दाखवतो.