वाचकांचे प्रश्न : हंपीत पायी फिरायचं तर

प्रश्न : डिसेंबरात दोन दिवस हंपीला जायचं आहे. बरोबर सत्तरीचे आईवडील आणि दहा वर्षांची मुलगी. रिक्षावाले एका दिवसात सगळं दाखवतो म्हणतात, पण आम्हाला थोडं चालायचंही आहे. क्रम कसा लावावा?

एका दिवसात सगळं म्हणजे उतरा, फोटो काढा, बसा. त्या फंदात पडू नका. एक दिवस तिकिटाचा आणि एक बिनतिकिटाचा, अशी सरळ वाटणी करा. विठ्ठल मंदिर, जनाना विभाग (कमल महाल, गजशाळा) आणि कमलापूरचं संग्रहालय या तिन्हींना एकच तिकीट चालतं, पण त्याच दिवशी. आज विठ्ठल मंदिर आणि उद्या गजशाळा केलीत तर दोनदा पैसे पडतात. भारतीयांना ४० रुपये. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, त्यामुळे तिकिटाचा दिवस शुक्रवारी ठेवू नका.

त्या दिवशी उजाडताच निघा. विरूपाक्ष मंदिरासमोरचा बाजार पूर्वेला जिथे संपतो तिथे अखंड दगडातला मोठा नंदी आहे. त्याच्या बाजूने दगडी पायऱ्यांची वाट खिंडीतून चढते आणि पलीकडे अच्युतराय मंदिराशी उतरते. या मंदिरात गर्दी फारशी नसते, घाई करू नका. मंदिरासमोरच्या जुन्या बाजारपेठेतून सरळ गेलात की नदी लागते. तिथून उजवीकडे, प्रवाहाच्या दिशेने चालत राहा. राजाची तुला, म्हणजे दोन खांब आणि वर आडवी शिळा, दिसली की विठ्ठल मंदिर आलंच. सगळी वाट सुमारे दोन किलोमीटर, पण बघत बघत दीड-दोन तास धरा. माणशी एक लिटर पाणी घरूनच भरून घ्या.

आईवडिलांना खिंड चढायला लावू नका. त्यांनी रिक्षाने कमलापूरमार्गे विठ्ठल मंदिराच्या वाहनतळावर यावं. तिथून मंदिरापर्यंतचा शेवटचा किलोमीटरभर रस्ता बॅटरीच्या गाडीने होतो. नेमकं इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. रिक्षा बाजारात थांबवून चालत येतात आणि परत जायला तीच वाट दहाच्या उन्हात तुडवतात. रस्त्याने वळसा नऊ-दहा किलोमीटरचा पडतो, म्हणून रिक्षा वाहनतळावरच बोलावून ठेवायची.

दगडी रथ (५० रुपयांच्या नोटेवरचा) हे खरं तर गरुडाचं देऊळ आहे, हे मुलीला आधी सांगा. मग ती चाकांपेक्षा आत काय आहे ते बघेल. मंदिरातले संगीत-खांब, म्हणजे टकटक केली की सूर देणारे दगडी खांब, वाजवायला मनाई आहे. गाईडने आग्रह केला तरी वाजवू नका.

भर दुपार संग्रहालयात काढा. तिथल्या अंगणातली हंपीची मोठी प्रतिकृती पाहिली की सकाळची वाट कुठून कुठे गेली ते उलगडतं. चारच्या सुमारास जनाना विभाग.

दुसऱ्या दिवशी हेमकूट टेकडी, विरूपाक्ष, कृष्ण मंदिर, लक्ष्मी-नरसिंह, बडविलिंग (मोठं शिवलिंग), मग गाडीने हजारराम मंदिर आणि महानवमी दिब्बा (उंच दगडी चौथरा). हेमकूटचा चढ सौम्य आहे, आईवडीलही सावकाश जाऊ शकतील. मातंग टेकडीची गोष्ट वेगळी. तिथून सूर्योदय सुंदर दिसतो, पण पायऱ्या उंच-सखल आणि काही ठिकाणी उघड्या कातळावरून जाणाऱ्या. अंधारात आणि एकट्याने तर नकोच. मुलीला न्यायचं तर उजेड पडल्यावर न्या.

प्रश्न : ऑगस्टमध्ये हिरवळ असते म्हणून तेव्हा गेलं तर?

हिरवळ असते खरी, पण नदीचा भरवसा नसतो. होसपेटचं तुंगभद्रा धरण भरलं की पाणी सोडतात. मग काठावरचा पुरंदरदास मंडप पाण्यात जातो, नदीकाठची वाट तुटते, होड्या आणि टोपलीसारख्या गोल नावा बंद होतात. नदीपलीकडच्या आनेगुंदी गावाला जायचं तर बुक्कसागरच्या बाजूने पुलावरून वळसा घ्यावा लागतो. आनेगुंदीचा बेत असेल तर मुक्काम कोणत्या काठावर करायचा ते आधीच ठरवा. शिवाय ओला ग्रॅनाइट घसरतो. चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत.

प्रश्न : विरूपाक्ष मंदिरात गोपुराची उलटी सावली दिसते म्हणतात. आम्हाला काहीच दिसलं नाही.

ती सावली नव्हे, प्रतिमा. भिंतीतल्या छोट्या फटीतून गोपुराचा उजेड अंधाऱ्या खोलीत येतो आणि समोरच्या भिंतीवर उलटा पडतो. बाहेर लख्ख ऊन हवं. आभाळ भरलेलं असेल किंवा कुणी मोबाइलचा दिवा लावला असेल तर प्रतिमा पुसली जाते. आत गेल्यावर दोन मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या.

प्रश्न : अनवाणी फिरावं लागतं का?

पूजा चालते तिथे, म्हणजे मुख्यतः विरूपाक्षात, पादत्राणं बाहेर काढावी लागतात. दुपारी फरशी तापते, पिशवीत जाड मोजे ठेवा.