खासदाराने 'बिल टाकलं' म्हणजे कायदा झाला का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गावातल्या सभेत खासदार म्हणाले, "बोगस बियाण्याच्या विरोधात मी येत्या अधिवेशनात संसदेत बिल टाकतो." तर एकट्या खासदाराला असं बिल टाकता येतं का, आणि टाकलंच तर पुढच्या खरिपापर्यंत कायदा येईल का?

टाकता येतं. पुढच्या खरिपापर्यंत कायदा येणार नाही. घाई असेल तर एवढं वाचून उठलात तरी चालेल.

मी घाटंजी तालुक्यातला. सत्तावीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं, आता घरची शेती पाहतो. 'विधेयकाचे कायद्यात रूपांतर' हा धडा मी फळ्यावर बाण काढून एका तासात उरकायचो. पहिलं वाचन, दुसरं वाचन, तिसरं वाचन, मग दुसरं सभागृह, मग राष्ट्रपतींची सही. पोरं बाणांसकट पाठ करायची. बाण चुकीचे नव्हते. पण दोन बाणांच्या मध्ये किती वर्षं मावतात, हे मी कधी सांगितलं नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं.

आमच्या पानठेल्यावरही परवा हाच विषय निघाला. "मास्तर, साहेब बिल टाकून रायले म्हणे दिल्लीत." मी म्हटलं, "हो, टाकू शकतात." पलीकडून एक जण म्हणाला, "कोनतं, लाइटीचं?" हसण्यावारी गेलं, पण गोम तिथेच आहे. एकाच 'बिल' शब्दात आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबतो. मंत्र्याने सरकारतर्फे आणलेलं ते सरकारी विधेयक. मंत्री नसलेल्या खासदाराने, मग तो सत्ताधारी पक्षाचा का असेना, स्वतःच्या नावाने आणलेलं ते खासगी विधेयक. तुमचे खासदार मंत्री नाहीत. म्हणजे त्यांचं दुसऱ्या जातीचं.

खासगी विधेयकासाठी खासदाराला साधारण महिनाभर आधी नोटीस द्यावी लागते. सोबत विधेयकाचा मजकूर आणि 'उद्देश व कारणे' सांगणारं टिपण. सरकारी तिजोरीतून खर्च होणार असेल तर त्याचा अंदाजही जोडायचा, आणि तशा विधेयकाला पुढे राष्ट्रपतींची शिफारस लागते. अधिवेशनात शुक्रवारी दुपारनंतरचे अडीच तास खासगी कामकाजासाठी राखलेले असतात. त्यातही एका शुक्रवारी विधेयकं, तर दुसऱ्या शुक्रवारी ठराव, अशी पाळी. नाव पुकारलं की खासदार उभा राहतो आणि विधेयक मांडायला सभागृहाची परवानगी मागतो. ती बहुतेक वेळा मिळते. झालं, विधेयक 'सादर' झालं. एकामागून एक नावं पुकारली जातात, एकेकाला मिनिटही लागत नाही. त्याच संध्याकाळी फोटो आणि 'संसदेत विधेयक सादर' अशी बातमी आपल्या ग्रुपवर येते.

पुढे मात्र चिठ्ठ्या पडतात. शेकडो विधेयकांतून कोणत्या विधेयकावर चर्चा व्हायची हे सोडतीने ठरतं. सोडतीत नाव निघालं, चर्चा झाली, तर शेवटी मंत्री उठून सांगतात की सरकार या विषयाचा विचार करतच आहे, सन्माननीय सदस्यांनी विधेयक मागे घ्यावं. सदस्य बहुधा घेतात.

स्वातंत्र्यानंतर आजवर अशी फक्त १४ खासगी विधेयकं कायदा झाली. शेवटचं १९७० साली. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. २०१५ मध्ये तिरुची शिवा यांचं तृतीयपंथीयांच्या हक्कांचं विधेयक राज्यसभेने मंजूर केलं, तेव्हा पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा असं घडलं म्हणून केवढं कौतुक झालं. पण लोकसभेतून ते पार पडलं नाही. आपल्या राज्यातलं उदाहरण हवं असेल तर सुप्रिया सुळे यांचं घ्या. कामाचे तास संपल्यावर साहेबाचा फोन न उचलण्याचा हक्क नोकरदाराला असावा, असं विधेयक त्यांनी २०१८ मध्ये मांडलं आणि २०२५ च्या डिसेंबरात पुन्हा मांडलं. आमच्या पुण्यातल्या पुतण्याने "काका, कायदा आला" म्हणून मला मेसेज पाठवला होता. त्याच संध्याकाळी सात वाजता त्याला साहेबाचा फोन आला.

शेतकऱ्यांचं म्हणाल तर २०१८ मध्येच हातकणंगल्याचे तेव्हाचे खासदार राजू शेट्टी यांनी लोकसभेत दोन विधेयकं मांडली: एक कर्जमुक्तीचं, दुसरं हमीभावाच्या हक्काचं. त्यामागे देशभरातल्या शेतकरी संघटनांची मेहनत होती. २०१९ ला लोकसभेची मुदत संपली आणि दोन्ही विधेयकं तिच्याबरोबर गेली. नियमच तसा आहे. लोकसभा विसर्जित झाली की तिथे पडून असलेली विधेयकं बाद होतात. राज्यसभा कधी विसर्जित होत नाही, त्यामुळे तिथे मांडलेलं आणि लोकसभेपर्यंत न पोचलेलं विधेयक जिवंत राहतं. जिवंत म्हणजे काय, तर कोठीत ठेवलेल्या जुन्या बियाण्यासारखं.

मग खासदार खोटं बोलले का? नाही, मी तसं म्हणणार नाही. खासगी विधेयकाने विषय संसदेच्या कागदावर येतो आणि सरकारला काहीतरी उत्तर द्यावं लागतं. मात्र बियाण्याच्या बाबतीत आपल्या खासदारांनी स्वतःचं विधेयक आणण्यापेक्षा दुसरं एक काम करावं असं माझं मत आहे. ते का, हे कळायला माझ्या शेतातली गोष्ट ऐकावी लागेल.

२०२० च्या मृगात मी तीन एकरांत सोयाबीन पेरलं. तीन बॅगा, नावाजलेल्या कंपनीच्या. पाऊस चांगला झाला होता. आठव्या दिवशी पेरलेल्या ओळीत बसलो आणि बोटाने माती उकरली, तर दाणे फुगून मऊ पडलेले, चिमटीत दाबले की पिठूळ पाणी. त्या वर्षी राज्यभर अशाच तक्रारी होत्या, मी काही एकटा नव्हतो. तालुक्याला अर्ज दिला. समिती आली, बांधावर उभी राहिली आणि पहिला प्रश्न विचारला: "गुरुजी, टॅग कुठंय?"

टॅग म्हणजे बॅगेला शिवलेली बियाण्याच्या माहितीची चिठ्ठी. एक टॅग पावतीला टाचलेला सापडला. उरलेल्या दोन बॅगा आईने धुऊन ढेप ठेवायला घेतल्या होत्या आणि त्यांचे टॅग चुलीत गेले होते. पंचनामा एका बॅगेचा झाला. दुबार पेरणी मी उसनवारीने केली. भरपाई आजतागायत नाही.

त्या रागात मी बियाणे कायदा काढून वाचला. १९६६ चा कायदा, १९६८ चे नियम. कलम १९ वर येऊन थांबलो: पहिल्या गुन्ह्याला ५०० रुपयांपर्यंत दंड. तोच गुन्हा पुन्हा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. माझ्या एका बॅगेची पावती या दंडाहून कितीतरी मोठी होती. (कपाशीसाठी महाराष्ट्राचा २००९ चा वेगळा कायदा आहे. सोयाबीनवाल्याला त्याचा उपयोग नाही.)

साठ वर्षं कोणाला हे बदलावंसं वाटलं नाही का? वाटलं की! २००४ च्या डिसेंबरात सरकारने नवं बियाणे विधेयक राज्यसभेत मांडलं. सरकारी विधेयक, मंत्र्याने मांडलेलं. ते कृषीच्या स्थायी समितीकडे गेलं. या समित्यांवर ३१ खासदार असतात, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. समितीने २००६ मध्ये अहवाल दिला. पुढे कायदा झाला नाही. २०१९ मध्ये नवा मसुदा निघाला, तोही तसाच राहिला. २०२५ च्या नोव्हेंबरात केंद्रीय कृषी मंत्रालयाने पुन्हा एक मसुदा लोकांपुढे ठेवला आणि ११ डिसेंबरपर्यंत सूचना मागवल्या. त्यात मोठ्या गुन्ह्याला ३० लाखांपर्यंत दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

आता याच्या शेजारी २०२० चे तीन कृषी कायदे ठेवा. जूनमध्ये वटहुकूम. १४ सप्टेंबरला विधेयकं लोकसभेत मांडली. २० सप्टेंबरला त्यातली दोन राज्यसभेत गोंधळात, आवाजी मतदानाने मंजूर. राष्ट्रपतींची सही होऊन २७ ला राजपत्रात. कुठल्याच समितीकडे काही गेलं नाही. आणि तेच कायदे रद्द करणारं विधेयक २९ नोव्हेंबर २०२१ ला एका दिवसात, चर्चेविना, दोन्ही सभागृहांतून निघालं. फळ्यावरचे बाण तेच, बरं का. बियाणे विधेयक ज्या वाटेवर वीस वर्षं बसून राहिलं, त्याच वाटेने हे कृषी कायदे दोन आठवड्यांत धावले. सरकारला घाई आहे की नाही, एवढाच काय तो फरक. मला वर्गात हे शिकवता आलं असतं, पण प्रश्नपत्रिकेत त्याला गुण नव्हते.

म्हणून तुमच्या खासदारांना भेटाल तेव्हा "तुमचं बिल कधी टाकता" हे विचारू नका. सरकारचं बियाणे विधेयक सभागृहात येईल तेव्हा तुम्ही दुरुस्ती सुचवणार का, आणि ते समितीकडे पाठवा अशी मागणी करणार का, हे विचारा. सरकारी विधेयकाच्या कोणत्याही कलमाला दुरुस्ती सुचवायचा हक्क प्रत्येक खासदाराला आहे, आणि दुसऱ्या वाचनात कलमवार विचार होतो तेव्हा ती पुढे येते. विरोधकांच्या दुरुस्त्या बहुधा पडतात, हे मान्य. पण समितीत विधेयक गेलं तर समिती लोकांकडून लेखी निवेदनं मागवते, आणि तिथे पक्ष बाजूला ठेवून खासदार जरा मोकळेपणाने बोलतात. आपल्यासारख्याचा कागद आत शिरायची ती एक फट आहे.

दुसरी फट त्याआधीची. मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा, असं केंद्राचं २०१४ पासूनचं धोरण आहे. धोरण आहे, कायदा नाही, त्यामुळे दरवेळी पाळलं जातंच असं नाही. बियाण्याच्या मसुद्याला मात्र वेळ दिला होता. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, कापूस वेचणीच्या ऐन धबडग्यात, मी आणि माझा एक जुना विद्यार्थी रात्री त्याच्या दुकानात बसलो. तो झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवतो. इंग्रजी मसुदा, एकेक कलम. तो वाचायचा, मी मराठीत सांगायचो, दोघांनाही कळलं नाही की परत. तीन सूचना लिहिल्या, प्रत्येकीपुढे कलमाचा क्रमांक टाकला. मुख्य सूचना एवढीच की दंड सरकारजमा होतो, माझ्या तीन बॅगांचं काय? उगवण झाली नाही तर भरपाई किती दिवसांत, कोणी द्यायची, हे कायद्यातच लिहा. मेल गेला. दिल्लीत कोणी उघडला का, देव जाणे.

तुम्ही ओघात वेगळ्या विदर्भाच्या बिलाचंही विचारलंय. नव्या राज्याचं विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय संसदेत मांडताच येत नाही, आणि आधी ते संबंधित राज्याच्या विधिमंडळाकडे मतासाठी पाठवावं लागतं. म्हणजे ते सरकारच्याच हातात. बाकी चर्चा नागपूरच्या अधिवेशनात मोर्चे निघतात तेव्हा करू.

आणि कायदा झाला तरी लगेच लागू होतो असं नाही. राजपत्रात तारीख निघावी लागते, नियम बनावे लागतात. लोकसभा-विधानसभेतल्या महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती २०२३ च्या सप्टेंबरात झाली, पण तिच्यातच जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेची अट घालून ठेवली होती. आमच्या सरपंचबाई तेव्हा पेढे वाटून बसल्या होत्या.

तोवर येत्या हंगामाचं बघा. दुकानातून पक्की पावती घ्या, तिच्यावर लॉट नंबर लिहिलाय का ते तिथेच वाचा. बॅग शिवणीच्या उलट्या बाजूने फाडा, म्हणजे टॅग शाबूत राहतो. मूठभर दाणे कागदात बांधून ठेवा. नाहीच उगवलं तर ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे. शेतकरीसुद्धा ग्राहक आहे आणि बियाणे कायदा त्याच्या आड येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा निकाल आहे. आणि रिकाम्या बॅगा घरात कोणी धुवायला घेण्याआधी उचलून ठेवा.