घरी आमची बोली बंद करू का?

"मॅडम, तीन महिने झाले, घरी आमची बोली बंदच केलीये. तरी पोरगं वर्गात तोंड उघडत नाही. आता अजून काय करू?"

हे वडील मूळचे सुरगाणा तालुक्यातले, कोकणा या आदिवासी समाजाचे. नाशकात सातपूरला कारखान्यात कामाला. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत, मराठी माध्यमात. पहिलीपर्यंत तो गावी आजीजवळ होता. 'घरी मराठीच बोलत जा आणि एकदा त्याला तपासून घ्या,' असं शाळेतून सांगितल्यावर ते दिवाळीनंतर आले. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबकेश्वरकडून नाशकात आलेल्या घरांमधून हा प्रश्न वारंवार येतो.

उत्तर आधी सांगते. बोली बंद करू नका. केली असेल, तर आज संध्याकाळच्या जेवणापासून पुन्हा सुरू करा.

मात्र मूल गप्प आहे म्हणजे भाषेचाच प्रश्न असेल, असं धरून चालू नये. आधी कान तपासावेत. सर्दी, कान वाहणं यांमुळे ऐकू कमी येणारी मुलंही अशीच मान खाली घालून बसतात. या मुलाचे कान ठीक निघाले. पुढचा प्रश्न असा की मूल कोणत्या भाषेत गप्प आहे? घरच्या बोलीतही वाक्यं जुळत नसतील, सांगितलेलं कळत नसेल, तर वाचा-उपचारतज्ज्ञ किंवा बालविकासतज्ज्ञांकडे जायलाच हवं. बोलीत मोकळं आणि वर्गात गप्प, असं असेल तर प्रश्न भाषेचा किंवा भीतीचा असतो.

हे कळायला मोबाईल पुरतो. आजी तेव्हा नाशकात आलेल्या होत्या. मुलगा रमलेला असताना, त्याच्या आवडीच्या विषयावर, बोलीतच दहा मिनिटं गप्पा मारून रेकॉर्ड करा, असं त्यांना सांगितलं. विषय निघाला राबाचा, म्हणजे पेरणीआधी रोपांची जागा भाजून घेण्याचा. फांद्या-पाला पसरायचा, वर गवत, सगळ्यात वर मातीचा थर. माती का, तर आग हळू चालावी म्हणून. वडिलांनी मराठीत करून दिलेलं ते बोलणं वाचलं, तर दुसरीच्या मुलाकडून जे हवं ते सगळं त्यात आहे: क्रम, कारण, तुलना. 'बोलत नाही' असा शेरा पडलेला मुलगा सहा मिनिटं थांबत नव्हता.

दुसरी गोष्ट गणिताची. 'एक ओळखत नाही' असं शाळेचं म्हणणं होतं. चिंचोके मोजायला दिल्यावर तो म्हणाला, "लाभ, दोन, तीन, चार…" धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. आजी नागली मोजताना तो हेच ऐकत आला. त्याला मोजता येत होतं, आजीसारखं.

तिसरी गोष्ट शुद्धलेखनाची. तो 'पाणी' हा शब्द 'पानी' लिहितो, कारण घरी तसंच ऐकतो. अशा चुका ठरावीक असतात आणि घरच्या उच्चाराबरहुकूम असतात. वाचन-अक्षमता असेल, तर एकच शब्द तीनदा तीन तऱ्हांनी लिहिला जातो, आणि घरच्या बोलीतला शब्द टाळ्या वाजवत अक्षर-अक्षर तोडतानाही मूल बरेचदा अडखळतं. या मुलाने बोलीतले आठही शब्द नीट तोडले. मराठी कच्चं असताना फक्त मराठीत चाचणी घेऊन कुठलाही शिक्का मारू नये, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तो शिक्का वर्षानुवर्षं पुसला जात नाही.

मग तीन महिने मराठी बोलून उपयोग का झाला नाही? आदल्या रात्री तुम्ही मुलाशी काय काय बोललात ते आठवा, असं वडिलांना सांगितलं. यादी निघाली: हात धू, जेव, अभ्यास कर, मोबाईल ठेव, झोप. आईला मराठी जेमतेम येत असल्याने ती बोलायचीच थांबली होती. बोलीतल्या गोष्टी, कोडी, भांडणं, 'असं का?' सगळं गेलं आणि उरले नुसते हुकूम. शब्द, कारणं, कल्पना मुलाकडे आधी घरच्या भाषेतून येतात. त्यांवरच शाळेची भाषा चढते. शिवाय मैदानावरचं मराठी वर्ष-दोन वर्षांत जमतं, पण पुस्तकी मराठी अंगवळणी पडायला पाच-सात वर्षंही लागतात. तीन महिन्यांत निकाल मागणं मुलावर अन्याय आहे.

घरासाठी ठरलं ते असं. रात्री जेवताना वीस मिनिटं फक्त बोली. धडा आदल्या संध्याकाळी वडिलांनी बोलीत थोडक्यात सांगायचा. वर्गात तो मराठीत होईल. घरी आल्यावर मुलाने आजीला बोलीत सांगायचा. वाक्यागणिक भाषांतर करून द्यायचं नाही. तसं केलं की मूल मराठी ऐकणं सोडून भाषांतराची वाट बघत बसतं.

एक वही केली: डावीकडे घरचा शब्द, उजवीकडे शाळेचा, मध्ये चित्र. दिवसाला जास्तीत जास्त पाच शब्द. दुसऱ्याच आठवड्यात वही सापडेना. तांदळाच्या डब्यामागे निघाली. वडील रोज रात्री तिच्यावरून परीक्षा घ्यायला लागले होते. मग उलटं केलं: मुलाने शाळेचा शब्द आजीला शिकवायचा, आजीने आपला शब्द द्यायचा. पाढ्यांसाठी आजीचं मापच घेतलं. चार शेरांची एक पायली. दोन पायल्यांचे आठ, तीनच्या बारा. कणगीशी 'लाभ' म्हणायचं, वर्गात 'एक'. दोन्ही बरोबर, हेही त्याला सांगितलं.

शाळेत भांडायला जाऊ नये. तीन विनंत्या एका कागदावर नेल्या. सहा आठवडे बोट दाखवून, चित्र काढून किंवा बोलीत दिलेलं उत्तर धरावं. चुकीचा उच्चार वर्गासमोर न टोकता, तोच शब्द प्रमाण मराठीत सहज पुन्हा म्हणावा. बोली समजणाऱ्या मुलाशेजारी बसवावं. बाईंची अडचण खरी होती: "मी त्याची बोली कुठे शिकू?" वीस शब्द पुरतात. समजलं का, पुन्हा सांगू का, दुखतंय का, शू आली का, एवढं वडिलांनीच लिहून दिलं. प्रवेश अर्जात 'मातृभाषा' या रकान्यात त्यांनी 'मराठी' लिहिलं होतं, तेही दुरुस्त करून घेतलं. 'कोकणा' असं स्पष्ट लिहावं. 'कोकणी' लिहिलं तर गोव्याची भाषा समजतात.

हे मागणं म्हणजे मेहेरबानी मागणं नव्हे. शक्य असेल तिथे शिकवणं मातृभाषेतून व्हावं, असं शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २९ मध्ये आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेवर भर आहे. स्नेहसंमेलनात तारपा नाच बसवला की संस्कृतीचं काम झालं, असं शाळांना वाटतं. नाच जरूर व्हावा, पण राबाची माहिती परिसर अभ्यासाच्या तासाला यायला हवी, आणि ती सांगायला आजीला वर्गात बोलवायला हवं. न्यूझीलंडमधल्या माओरींनी १९८२ मध्ये 'कोहांगा रेओ', म्हणजे भाषेची घरटी, सुरू केली तीही म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यावरच.

पाचव्या आठवड्यात मुलाने वर्गात पहिल्यांदा आपणहून तोंड उघडलं: "बाई, खडू पडला." मार्चपर्यंत तो छोटी उत्तरं द्यायला लागला. वाचन अजून हळू आहे, 'पानी' अजून 'पानी'च आहे. त्याची घाई नाही.

राब भाजायला आजी गावी निघाल्या, तेव्हा वडिलांनी विचारलं, "मे महिन्यात शिकवणी लावू का?" त्याला गावी पाठवा, असं सांगितलं. सोबत वही द्या. उजवा रकाना रिकामा राहिला तरी चालेल, जूनमध्ये भरता येईल.